किन्हीराजाच्या टोपल्यांतल्या कथा

अमरावती, रविवार, ८ डिसेंबर १९५७

श्रावणापासून आपल्या मंडळाच्या या प्रवासवहीत मी एक ओळही लिहिली नाही. वही दोनदा माझ्या घरी आली आणि दोनदा कोरीच पुढे गेली. कामाचं कारण सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं, पण ते खरं नव्हतं. लिहावं असं काही केलंच नव्हतं. आता केलं आहे, आणि ते लिहावं की नाही हे ठरवण्यात आठवडा गेला. उशिराबद्दल सगळ्यांची माफी मागतो.

ऑक्टोबरात रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला, तेव्हा कॉलेजातली मुलं विचारू लागली की असल्या विषयावर मराठीत कुणी कथा लिहिल्या आहेत का. मी नाही म्हणालो. घरी आल्यावर आठवलं, एक आहे, आणि ती माझ्याच ट्रंकेत आहे.

नोकरी लागण्याआधी दोन वर्षं मी इथल्या एका मासिकाकडे छापायला आलेल्या कथा वाचायचं काम करत होतो. मासिक बंद पडलं तेव्हा परत पाठवायचा एक गठ्ठा मी घरी आणला. बाकी सगळं पाठवलं. हे एक हस्तलिखित तळाशी राहिलं आणि नऊ वर्षं तिथंच होतं. शाळकरी वही, निळी शाई, कडेनं दोऱ्यानं शिवलेली. ‘चंद्रावरचं टेसन’. लेखक नामदेव सरकटे, सांधेवाला, जऊळका स्टेशन.

दिवाळीत ती मी पहिल्यांदा पूर्ण वाचली. चंद्रावर रूळ टाकलेले आहेत आणि तिथं एकटा सांधेवाला नेमला आहे. गाडी अकरा वर्षांनी यायची आहे. तो रोज गाडीचा रूळ बदलणारा सांधा तपासतो, दिव्याची काच पुसतो, दिव्याशी वऱ्हाडीत बोलतो. आपल्या गावाचं नाव तो हळूहळू विसरत जातो. अकराव्या वर्षी गाडी येते आणि थांबत नाही, कारण मधल्या काळात वेळापत्रक बदललं आहे. रस्ता मोकळा आहे म्हणून तो हिरवा झेंडा दाखवतो. कथा तिथं संपते.

पहिल्याच पानाच्या समासात माझ्या अक्षरात लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘चंद्रावर वऱ्हाडी कोण बोलणार?’ पुढच्या पानांवर एकही खूण नव्हती, म्हणजे पुढची पानं मी उघडलीच नव्हती.

वही स्वतः नेऊन द्यायची आणि माफी मागायची असं ठरवलं. माफी मागायची होती की माफी मागणारा म्हणून स्वतःला बघायचं होतं, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

ज्यांना त्या बाजूला जायचं असेल त्यांच्यासाठी: बडनेऱ्याहून पहाटेच्या गाडीनं अकोला गाठावं आणि तिथं पूल ओलांडून छोट्या गाडीच्या फलाटावर जावं. शनिवारी वाशीमच्या बाजाराची माणसं असतात, तेव्हा खिडकीची आशा धरू नये. पाणी बरोबर घ्यावं. फलाटावरच्या चहावाल्याशी नव्या पैशांवरून प्रत्येकाचं भांडण चाललेलं असतं. सुटे असतील तर चहा लवकर मिळतो. बार्शीटाकळी सोडल्यावर गाडी इतकी सावकाश चढते की शेतात कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून डब्यातल्यांशी बोलून घेतात. दिवस ढगाळ होता. डोंगर, झाडं, गुरं, सगळं राखेच्या रंगाचं दिसत होतं.

जऊळक्याला माझ्यासह चौघे उतरले. सरकटे अजून इथंच असतील असं मी धरून चाललो होतो. दिव्यात तेल घालणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं की डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यावर ते नोकरी सोडून किन्हीराजाला आपल्या घरी गेले, त्याला पाचेक वर्षं झाली. ते इथं असताना गाड्यांच्या वेळांखाली चंद्र उगवल्याची वेळही खडूनं फळ्यावर लिहीत, हेही त्यानंच सांगितलं.

“बुढा चंद्रालेबी लेट लावे,” तो म्हणाला. “सायेब आला का पुसून टाके.”

किन्हीराजाला जायला बंडी मिळाली. वाट तीनेक कोसांची आहे. थंडीत पायी जाता येईल, पण परतीची गाडी धरायची असेल तर बंडीच बरी. गाडीवान बोलका होता. कुणाकडे जायचं हे कळल्यावर त्यानं मला वळून नीट पाहिलं. सरकट्यांनी पुष्कळ कथा लिहिल्या आणि अमरावती, नागपूर, पुणे इथून सगळ्या परत आल्या, असं तो सांगू लागला. परत आलेली वही ते घरात ठेवत नसत, बायकोला भिजवायला देत. फक्त एक परत आली नाही. ती अमरावतीच्या मासिकानं ठेवून घेतली. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

“तेच्यावर तं बुढा जगते,” असं म्हणून त्यानं बैल हाकले.

वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. पुढचा रस्ता मी काय पाहिला ते मला सांगता येणार नाही.

घराच्या अंगणात गिरजाबाई, म्हणजे सरकट्यांच्या पत्नी, टोपली लिंपत बसल्या होत्या. ही तिकडची घरोघरची रीत आहे. रद्दी कागद मेथ्यांबरोबर भिजवायचा, उखळात कांडायचा आणि तो लगदा बांबूच्या टोपलीला आतून-बाहेरून लिंपून वाळवायचा. मग पीठ गळत नाही आणि टोपली वर्षानुवर्षं टिकते. ओट्यावर घोंगडी पांघरून नामदेवराव बसले होते. दोन्ही डोळे पांढरे झालेले. मी मासिकाचं नाव सांगितलं आणि तिथं होतो एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य मी गाडीत दहा वेळा जुळवलं होतं. ते बोलायच्या आधीच नामदेवराव बायकोकडे वळले.

“पाह्य, सांगत होतो का नाई? मानूस येईन म्हनून.”

मग मला आत नेलं. भिंतीला लागून टोपल्या मांडलेल्या होत्या, लहानमोठ्या, बहुतेक राखाडी, काहींवर निळसर झाक. ती शाईची होती. त्यांनी एकेक टोपली हातात घेऊन काठावरून बोटं फिरवली आणि मला कथा सांगितल्या. एका गावात आवाज इतका सावकाश चालतो की मेलेल्या माणसाची हाक त्याच्या नातवाला ऐकू येते. एका विहिरीत पुढच्या वर्षीचं आभाळ दिसतं, म्हणून लोक विहिरीवर झाकण घालतात. एका यंत्रावर सावल्यांचं वजन होतं आणि श्रीमंतांच्या सावल्या हलक्या भरतात. त्यांना प्रत्येक कथा तोंडपाठ होती. तुरीच्या टोपलीत कोणती आणि पिठाच्या टोपलीत कोणती, यात एकदाही चूक झाली नाही. मी मराठीचा प्राध्यापक आहे. असं काही मी कधी वाचलं नव्हतं, आणि यापुढेही वाचता येणार नव्हतं.

इतक्या चांगल्या कथा भिजवल्या कशाला, असं मी विचारलं. सांध्याला अर्धवट असणं चालत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. गाडी इकडे तरी जाते नाहीतर तिकडे तरी. परत आली ती संपली.

“पन हिच्या टोपलीतून पीठ नाई गळत,” ते म्हणाले.

“पीठ नाई गळत, डोक्स गळते,” गिरजाबाई बाहेरून म्हणाल्या. “कोनाकोनाले सांगसान?”

जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. दिवस मावळायच्या आधीच आम्ही जेवलो. हात धुताना मी ठरवलं की आता सांगायचं. मी म्हणालो, नामदेवराव, मासिक बंद पडलं.

“ते मले ठाव हाय. पोस्टमननं सांगतलं होतं.” त्यांनी एक शेंग हातात घेतली. “पन ठेवून तं घेतली होती ना?”

मी म्हणालो, “हो. ठेवून घेतली होती.”

या उत्तरातला एकही शब्द खोटा नाही. एवढं मोठं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. त्यांनी मान हलवली आणि शेंगा सोलत राहिले. मूठभर सोलून झाल्यावर विचारलं की तिथल्या लोकांना शेवट कळला का, गाडी थांबत नाही ते. मी सांगितलं की मला कळला. एवढं मात्र खरं होतं.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी निघताना गिरजाबाई बंडीपर्यंत आल्या. त्यांनी माझ्या पिशवीला हात लावला. आदल्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो तेव्हा पिशवीच्या तोंडातून त्यांना वहीची कड दिसली होती, आणि ती शिवण त्यांच्या हातची होती.

“तेच हाय ना, भाऊ?”

मी हो म्हणालो. घरात ठेवू का, असंही विचारलं. ते विचारताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही.

“नोका ठेवू. इथं आली का भिजवा लागन. कायदा त्यायचाच हाय.” त्या घराकडे बघत होत्या. “मले पयलेपासूनच वाटे, कुठंतरी पडून असन. नऊ वर्स कोन ठेवते? तुमी नेजा.”

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. ढग तसेच होते.

आठवडाभर मी पत्राचे मसुदे केले. पण नामदेवरावांना आलेलं पत्र पोस्टमन दुकानाच्या ओट्यावर बसून वाचून दाखवतो, आणि ऐकायला निम्मा गाव असतो. मी खरं लिहिलं तर ते गावासमोर वाचलं जाईल. वही परत पाठवली तर टोपली होईल. गप्प राहिलो तर तो माणूस माझ्या खोट्यावर जगेल आणि मी त्याला दयाळूपणा म्हणू लागेन, जे मला सगळ्यात जास्त नकोसं आहे. गिरजाबाईंनी मला माफ केलं असं समजू नका. त्यांनी फक्त माझ्याबरोबर ओझं दिलं.

वाट सोपी आहे आणि माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा तुम्ही कुणी गेलात तर जरूर त्या टोपल्या बघा. एक कथा सांगा म्हणा. माझं नाव निघालं तर विषय बदला.

‘चंद्रावरचं टेसन’ छापाल का, असं दोन ओळखीच्या संपादकांना विचारलं. एक हसला, दुसऱ्यानं भाषा शुद्ध करून द्या म्हणून सांगितलं. म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या हातून छापून यायची नाही. ‘ठेवून घेतली’ हे मी बोलून बसलो आहे. कथा छापून ते खरं करता आलं तरी नामदेवरावांना पानं दिसणार नाहीत. कुणाला तरी ओट्यावर बसून वाचावी लागतील, गावासमोर, पहिल्या ओळीपासून झेंड्यापर्यंत.

उद्या: कॉलेज सुटल्यावर छापखान्यात जाऊन, जशीच्या तशी पुस्तिका छापतील का, ते विचारणे.