खाऱ्या बांधाची मावशी

पेणहून मी दर वर्षी मावशीकडे तांदळाला जातो. वाक्य संपलं की ती "व्हय ना?" विचारते आणि उत्तराला थांबत नाही. तिच्या शेताभोवती आता कोळंबीची तळी आहेत. "पैसा त्यातच हाय," हे तीच सांगते. यंदा गेलो, तेव्हा तळ्याचं खारं पाणी झिरपून तिच्या भाताचा एक कोपरा करपला होता. तळं तिच्या पुतण्याचंच. तो म्हणाला, "काकी, आता तरी शेत तळ्याला दे."

तिने पदर खोचला आणि ती बांधावर चिखल थापायला लागली.

"कोलंबी मेली तर तू कंपनीत जाशील. खारी झालेली जमीन घेऊन मी कुठं जाऊ? उभा काय ऱ्हायलास? चिखल दे इकडं."

पुतण्याने चपला काढल्या आणि तो चिखलात उतरला.