गाव उचलून आणलेलं शहर: नागोयाच्या नाका वॉर्डात

ऑफिसने टोकियोला पाठवायचं ठरवलं, तेव्हाच मी दोन दिवस नागोयासाठी मागून घेतले. तिथे माझा गावाकडचा शाळासोबती माधव राहतो. मी कॅनडातल्या किचनरला आलो, तो जपानला गेला. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटे. त्याची मुलगी मीरा घरात मराठी बोलते. माझा मुलगा यश इंग्रजीत उत्तर देतो. त्या भरात मी एकदा ईमेलमध्ये ठोकून दिलं होतं, 'यशला आरती पाठ आहे.'

टोकियोहून बुलेट ट्रेनने पावणेदोन तास, तिकीट दहा हजार येनच्या वर. नागोयात सकाळी कॉफी मागवली की त्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. अंडं मी माधवकडे सरकवलं.

मग पायीच शहराचा मध्यभाग, म्हणजे नाका वॉर्ड पाहिला. माधव म्हणाला, "चारशे वर्षांपूर्वी इथे किल्ला बांधला आणि जवळचं कियोसू शहर अख्खं इथे आणून वसवलं. दुकानं, देवळं, गल्ल्यांची नावं. पूलसुद्धा!" त्या पुलाच्या जागी आता सिमेंटचा आहे, नाव मात्र जुनंच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी हा भाग जळाला. नंतर आखलेला रस्ता इतका रुंद, की मधोमध बाग मावते. याच वॉर्डातल्या ओसू भागातलं देऊळही दुसरीकडून आणलेलं. बाहेर जुने कपडे, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारी दुकानं; आत उदबत्तीचा धूर. मी हात जोडले आणि मनात जळलो. ही माणसं देव आणि शेजार घेऊन हलली. मी दोन बॅगा घेऊन कॅनडात उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरा कॉम्प्युटर घेऊन आली. "काका, तिकडे आत्ता संध्याकाळ ना? यशदादाबरोबर आरती म्हणूया!"

मी काही बोलायच्या आत यश पडद्यावर होता. "आरती? आय डोन्ट नो एनी."

"नेट गंडलंय," म्हणत माधवने कॉल बंद केला. नेट ठणठणीत होतं. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

निघताना स्टेशनवर मी म्हणालो, "माधव्या, मी खोटं लिहिलं होतं."

"कळलं रे. शाळेत तुला तरी आरती कुठे येत होती? टाळ जोरात वाजवून नुसतं तोंड हलवायचास!"

परत येऊन महिना झाला. आम्ही बाप-लेक बेसमेंटमधल्या देवघरात पहिल्या कडव्यावर आहोत. परवा मीराचा कॉल आला. यशने तिला सरळ सांगितलं, "आय नो ओन्ली वन व्हर्स."

"चालेल, तेवढंच म्हणू," ती म्हणाली.

जे सांगताना मला घाम फुटला होता, ते हा बसल्या बसल्या बोलून गेला. आता त्याचाही हेवा वाटतो.