गोदामावरची पाटी

अकोल्यात सरकीच्या ढेपेचा वास आला की दर्यापूरचं आमचं गोदाम आठवतं. भागीदार रामभाऊंनी बाबांना न विचारता हंगामाची सगळी सरकी बाळापूरच्या व्यापाऱ्याला विकली होती. ती गेली की आमची ऑइल मिल बंद पडणार होती. दारात ट्रक उभे होते, बाजूला रामभाऊ.

"मले कोनी विचारलं काय? माल नाही देत!" बाबा ओरडले.

व्यापाऱ्याने वर बोट दाखवलं. "पाटीवर दोघाईचं नाव हाय ना भाऊ? मंग एकाचा शब्द तो दोघाईचा. वकिलाले विचारा."

बाबांनी विचारलं होतं. वकीलही तेच म्हणाला होता.

तेव्हा मला तो व्यापारी दरोडेखोर वाटला. आज कळतं, त्याने फक्त पाटी वाचली होती. तिच्यावर बाबांनीच दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार सुकला होता.

बाबांनी कुलपात किल्ली घातली, पण त्यांच्याने ती फिरवेना. शेवटी रामभाऊंनीच किल्ली घेतली.