घरचं दळण

आईबापांनी हौसेने नाव विश्राम ठेवलं, पण बार्शीच्या विश्राम उपासे यांना स्वस्थ बसणं कधी जमलं नाही. २००४ साली ते सूसच्या सोसायटीत राहायला आले. सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडलेला अख्ख्या इमारतीत हा एकच माणूस. कुणाची सीडी अडको, कुणाचे फोटो उघडेनात, बेल वाजायची ती त्यांचीच. विश्रामराव खिशाला पेनासारखा स्क्रूड्रायव्हर लावून दार उघडत. त्यांचा कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, पण कुणाला खटकत नसे. गिरणी म्हटली की आवाज आलाच!

तीन वर्षांनी समोरच्या फ्लॅटमध्ये मनीष आला. त्यानेही कॉम्प्युटर स्वतःच जोडलेला. सिनेमे, गाणी, बिलं, सगळं त्यावरच. विश्रामरावांच्या पत्नी आशालताबाई तिकडे हळदीकुंकवाला जाऊन आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, मनीषभाऊजींचा कॉम्प्युटर चालू आहे की बंद, कळतच नाही! गाण्यामागचा तंबोरासुद्धा ऐकू येतो."

"मग आपल्याकडे काय ऐकू येतं?"

"दळण."

त्या एका शब्दाने विश्रामरावांच्या जेवणाची चव गेली. लोक आता समोरची बेल वाजवू लागले. विश्रामराव दाराच्या भिंगाला डोळा लावून कोण कोण फितूर झालं, त्याची हजेरी घेत. मनीषला युक्ती विचारायची? छे! त्यापेक्षा जन्मभर दळलेलं परवडलं.

सूसच्या टेकडीवर म्हसू मेंढरं चारायचा. एका रविवारी विश्रामरावांनी त्याच्याकडून जुनी घोंगडी आणली, कात्रीने तुकडे केले, कॉम्प्युटरच्या डब्यात चारी बाजूंनी ठासले आणि उरलेली वरून पांघरली. आवाज खरोखरच दबला. गिरणी जणू शेजारच्या आळीत गेली!

पुढच्याच रविवारी मनीषला चहाचं आमंत्रण गेलं. आपल्या घोंगडीचं काय झालं हे बघायला म्हसूही आला. तासभर गाणी झाली. मग विश्रामरावांनी गाणं थांबवलं, लक्ष विचलित नको म्हणून मॉनिटरही बंद केला आणि हात वर करून म्हणाले, "आता नुसता कॉम्प्युटर ऐका!"

मनीषने घोंगडीला कान लावला. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

"मानलं, विश्रामराव. माझ्यापेक्षाही शांत!"

वर्षभर ज्या वाक्यासाठी जीव तळमळला, ते कानावर पडलं. विश्रामरावांनी विजयी मुद्रेने आशालताबाईंकडे पाहिलं. त्या नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"सायेब," म्हसू म्हणाला, "मेंढवाड्याचा वास सुटलाय हितं."

मॉनिटर लावला. काळाठिक्कर. गाणं थांबवलं तेवढ्यातच कॉम्प्युटर तापून बंद पडला होता.

"लई ऊब धरती ती," म्हसूने समजूत घातली. "उन्हाळ्यात आमी मेंढरं कातरतो, आन तुमी याला पांघरूण घातलं व्हय?"

मनीष हसला असता तर विश्रामरावांनी त्याला जन्मभर आनंदाने शिव्या दिल्या असत्या. पण तो मेला हसलासुद्धा नाही. घरी जाऊन एक मोठा पंखा घेऊन आला, घोंगडी उपसली आणि छोटा पंखा काढून तो बसवला. "मोठं पातं सावकाश फिरतं, विश्रामराव. वारा तेवढाच, आवाज नाही." दहा मिनिटांत कॉम्प्युटर सुरू झाला आणि तरीही गप्प राहिला. आशालताबाई जिन्यात भेटेल त्याला सांगू लागल्या, "मनीषभाऊजींनी आमचाही गप्प करून दिला हो!"

विश्रामरावांनी आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी आशालताबाई भाजीला गेल्या, तेव्हा खिशातला स्क्रूड्रायव्हर निघाला. मोठा पंखा कागदात नीट गुंडाळून, आभार मानून समोर परत केला.

आशालताबाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या, त्या मधल्याच पायरीवर थबकल्या. "अहो! दळण पुन्हा सुरू झालं?"

"झालं!" घरघरीच्या वर आवाज काढत विश्रामराव आतून ओरडले. "पण घरचं आहे!"