दादाच्या मांडीवरची वीस अंडी

ऊबमावशीचं घर ओळखायला पाटी लागत नाही. छपरावर उन्हाकडे तोंड करून बसलेले सोलरचे दोन पॅनल, आणि दाराशी कान दिला की आत चिवचिव. अंडी उबवून पिल्लं करून देणं हा तिचा धंदा. एकवीस दिवस ती यंत्राची ऊब अशी जपते, की कोंबडी कंटाळेल, मावशी नाही. दिवसाची उरलेली वीज स्वयंपाकघरातल्या बॅटरीत साठते.

त्या खेपेला यंत्रात वीसच अंडी होती, पण शेजारणीच्या काळ्या कोंबडीची. कोंबडी कोल्ह्याने नेली होती. तिचा वंश आता एवढाच उरलेला, आणि मावशीने शब्द दिलेला.

नेमका विसाव्या दिवशी तिचा थोरला भाऊ आला. दादाने अणुवीज केंद्राच्या फाटकावर तीस वर्षं पहारा केला होता. त्यामुळे आतलं सगळं आपणच चालवलं, असं त्याला वाटे. दुपारी शाळेत अणुविजेवर वादसभा होती आणि दादा बाजूने बोलणार होता.

आभाळ तीन दिवस भरलेलं. तारांवरची वीज सकाळीच गेलेली. बॅटरीत जेमतेम यंत्रापुरतं उरलं होतं.

"तुझा सूर्य रुसला की बसलीस हातावर हात ठेवून," दादा म्हणाला. "अणूला ढग माहीत नाहीत."

"कचरा माहीत आहे ना? तो ठेवणार कुठे, तुझ्या ट्रंकेत?"

"जाड पिंपात बंद करतात! मी पाहिलंय."

"फाटकावरून?"

एवढं बोलून मावशी दाणे आणायला गेली. परतली तर बॅटरीवर लाल दिवा, यंत्र गार होत चाललेलं, आणि दादा कडक सदऱ्यात आरशापुढे उभा. इस्त्री अजून चटका देत होती.

"दादा, माझ्या सूर्यावर इस्त्री केलीस?"

"दोनच कपडे गं." मग हळूच, "पँटची घडी बसेना, म्हणून परत एकदा."

मावशीने आदळआपट केली नाही. त्याला खुर्चीत बसवलं, वीसही अंडी लोकरीत गुंडाळून पोटाशी लावली, वर रजई घातली. "तुझं पोट यंत्राहून मोठं आहे. हलायचं नाही."

"अगं, माझी सभा!"

"खुडूक कोंबडी सभेला जात नसते."

सभेचे अध्यक्ष बोलवायला आले. दादा बसल्या जागी कुजबुजला, "सभेत सांगा, मुद्दा सोपा आहे. न थांबणारी ऊब पाहिजे."

"ती दिसतेच आहे," म्हणून अध्यक्ष हसू दाबत निघून गेले.

तासाभराने ढग फाटले. ऊन पॅनलवर उतरलं, यंत्र पुन्हा तापलं. मावशीने रजईला हात घातला. "ऊठ आता. पळ सभेला."

दादाने रजई आवळून धरली.

"हळू बोल. आतून टोच मारतंय कुणीतरी. ते बाहेर येईपर्यंत मी जागचा हलणार नाही."

घामाने सदऱ्याची इस्त्री केव्हाच मोडली होती.