जाऊबाईंचं तेल आणि माझं कोपर

"टेनिस एल्बो," डॉक्टर म्हणाले. मी नऊवारीतली बाई, टेनिस कुठे खेळणार? माझा संशय थोरल्या जाऊबाईंवर गेला. त्यांनी डॉक्टरांना आधीच काहीतरी पढवलेलं दिसतंय.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. पापड लाटण्यात माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत. उन्हाळ्यात पनवेलच्या आमच्या आळीतल्या बायका एकमेकींकडे लाटायला जायच्या. मी न बोलावताही जायचे. मग एका सकाळी तान्ह्या लेकीला पाळण्यातून उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली, की पोर हातातून निसटता निसटता राहिली.

थोरल्या जाऊबाईंनी तेल कोमट करून आणलं. मी वाटी हुंगली. लाटण्यात माझ्या मागे असलेली बाई उगाच तेल आणेल? ते तेल मी पाळण्याच्या कड्यांना लावलं. कड्यांची कुरकुर थांबली, माझी नाही.

दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक कोळीण होती. "कोपर दुखतंय? घरान जाव हाय का?"

"जाऊ? आहे ना."

"मंग बघा," म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. झालं, मला पुरावाच मिळाला.

आत डॉक्टरांनी समजावलं, "टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. रहाटाचा दोर एकाच जागी घासून धागे सुटतात, तसं झालंय. लाटणं बंद. काही उचलायचं तर तळहात वर ठेवून. बरं व्हायला महिने लागतील."

"आणि पापड?"

"दुसरं कोणी लाटेल."

दुसरं कोण, ते मला ठाऊक होतं. म्हणून शहाणी मी शेजारी जाऊन चोरून लाटत राहिले. शेवटी हातात कप धरवेना. लेक रडली की जाऊबाई घ्यायच्या, आणि हळूहळू ती त्यांच्याकडेच झेपावू लागली. तेव्हा मात्र घाबरले. लाटणं ठेवून दिलं.

माझ्या वाटचे पापड जाऊबाईंनी लाटले. रोज एक उजेडात धरून विचारायच्या, "बघ गं, जमलाय का?"

"जाड आहे," मी म्हणायचे. पलीकडचं अंगण दिसायचं त्यातून.

दिवाळीच्या सुमाराला तळहात वर ठेवून लेकीला उचललं. कळ आली नाही. तुमचं कोपर दुखलं तर घरातल्यांकडे बघू नका, आपला हात दिवसभर काय करतो ते बघा. आणि दुखणं अंगावर काढू नका.

पुढे काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात जाऊबाईंचं कोपर धरलं. मी तेल कोमट करून नेलं.

त्यांनी वाटी आधी हुंगली.