शिरूरच्या मळ्यातून दौंडच्या खुर्चीपर्यंत

पुण्याहून शिरूरची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि पत्त्यांचा नवा जोड होता. मी मिरजेच्या शाळेत गणित शिकवतो. पोकर हा खेळ कॉलेजच्या वसतिगृहात शिकलो, तोही भाऊसाहेबाकडून. भाऊसाहेब आता शिरूरला शेती करतो. त्याचं कार्ड आलं होतं : 'दौंडला रविवारी पोकरची मोठी स्पर्धा हाय. शनिवारी माझ्या मळ्यात तिथल्या जागेसाठी खेळायचं. निघून ये.'

वाघोली मागे पडली आणि दोन्ही बाजूंना ज्वारी उभी दिसू लागली. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे गाडीतले लोक त्या हिरव्या रंगाकडे टक लावून बघत होते. शिक्रापूरला चहासाठी थांबलो. शेजारच्या फेटेवाल्या आबांनी विचारलं, "कुनीकडं म्हनायचं?"

"शिरूरला. पत्ते खेळायला."

आबांनी आपलं गाठोडं हळूच पलीकडच्या बाजूला घेतलं. "आन् मी मास्तर समजत व्हतो," ते म्हणाले.

भाऊसाहेबाच्या मळ्यात दुपारी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळे, लसणीच्या तिखट रश्शात शिजवलेले) खाऊन आम्ही दहा जण कांद्याच्या चाळीत (बांबूच्या हवेशीर कोठीत) बसलो. नऊ पुरुष आणि एक बाई. मला पहिला धक्का तिथेच बसला. यमुनाबाई वडगाव रासाईच्या दवाखान्यात नर्स होत्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, वय चाळिशीचं. भाऊसाहेब माझ्या कानाशी म्हणाला, "आईच्या दुखण्यात बाईंनी लई केलं. तवा खेळायला बसवा म्हनाल्या, मी न्हाई कसं म्हनू?"

खेळाची रीत वेगळीच होती. दौंडची प्रवेश फी आम्हा कुणालाच एकट्याने झेपणारी नव्हती. म्हणून दहा जणांनी थोडी थोडी भर घालून दोघांची फी जमवायची आणि ते दोघे कोण हे खेळून ठरवायचं. इथे जिंकायला पैसा नाही, फक्त दौंडची जागा. पहिल्याला जागा, दुसऱ्यालाही तशीच जागा, तिसरा घरी. प्रत्येकाला सारखे चिंचोके. दर डावाला दोन चिंचोके मध्ये टाकायचे, पाच पत्ते घ्यायचे, नकोसे एकदा बदलायचे. पत्ते भारी वाटले तर चिंचोके वाढवायचे. ते संपले की उठायचं.

उन्हं कलली तेव्हा तिघे उरलो : मी, यमुनाबाई आणि किराणावाले आप्पा. आप्पांकडे चारच चिंचोके होते. आम्हा दोघांपुढे ढीग.

त्या डावात आप्पांनी आपले पत्ते लगेच टाकले. मला तीन राजे आणि दोन नव्वे आले. पोकरात याला फुल हाउस म्हणतात, वर्षानुवर्षं वाट बघावी असे पत्ते. मी सगळा ढीग पुढे ढकलला. यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांच्या चिंचोक्यांकडे. आणि आपले पत्ते उघडे करून टाकून दिले. तीन अठ्ठे, दोन पंजे. त्यांच्याकडेही फुल हाउस होतं!

"बाई, असले पत्ते कुणी टाकतं का?" मी जवळजवळ ओरडलो.

"आप्पांकडं आता एका डावापुरतंच चिंचोकं ऱ्हायलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते उठले की आपल्या दोघांनाबी जागा हाय. मग मी तुमच्याशी कशाला लढू? आन् तुम्हीबी सगळं ढकलायला नको व्हतं. माझ्याकडं एक्क्यांचं फुल असतं म्हंजी?"

गणित शिकवणारा मी. समोर मांडलेलं साधं गणित मला दिसलं नव्हतं. पहिला आणि दुसरा सारखेच असतील, तर जिंकायचं नसतं, फक्त टिकायचं असतं. पुढच्याच डावात आप्पा हसत उठले आणि आम्हा दोघांच्या नावाच्या दौंडच्या प्रवेशाच्या चिठ्ठ्या तयार झाल्या.

रविवारी सकाळी यमुनाबाईंबरोबर दौंडच्या एस.टी.त बसलो. न्हावऱ्याच्या पुढे चाक पंक्चर झालं आणि तासभर बाभळीखाली उभं राहावं लागलं. मी उत्साहाने डावांबद्दल बोलत होतो. त्या घड्याळ बघत होत्या.

"पहिलं बक्षीस ट्रान्झिस्टर रेडिओ आहे. मिळाला तर काय करणार?" मी विचारलं.

"मला बसायचं हाय तिथं," एवढंच त्या म्हणाल्या.

भीमेचा पूल ओलांडला आणि इंजिनांचा धूर दिसू लागला. स्टेशनापलीकडे एका जुन्या बंगल्यात पत्त्यांचा खाजगी क्लब होता. तिथले सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गृहस्थ. ते यमुनाबाईंना म्हणाले, "बाईमाणूस?" मग चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि नाइलाजाने खुर्ची दाखवली.

मी तासाभरात गारद होऊन भिंतीशी उभा राहिलो. यमुनाबाई टिकून होत्या. मग एका डावात त्यांच्यासमोर खेळणाऱ्या सेक्रेटरींनी आपल्यापुढचं सगळं मध्ये सारलं. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं आणि तेवढंच पुढे केलं. पत्ते उघडले. बाईंकडे फक्त दश्श्यांची जोडी. सेक्रेटरींकडे काहीच नव्हतं.

"एवढ्याशा जोडीवर? तुम्ही ओळखलंत कसं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"खोटं खेळताना तुम्ही डावा कान चोळता, साहेब. माझा बाप सांगायचा."

"कोण तुमचे वडील?"

"किसन. बावीस वर्षं इथं चहा देत व्हता. त्या खिडकीतून." त्यांनी बोट दाखवलं. "बाहेर उभं राहून बघून बघून सगळा खेळ शिकला. सिग्रेटच्या पाकिटांचे पत्ते करून मला शिकवला. गेल्या साली वारला."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "किसन..." ते पुटपुटले. "तो कधी आत बसला नाही."

"तुम्ही बसवलं न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. औषध किती वाजता घ्यायचं हे सांगावं तशा बोलल्या.

मी त्या खिडकीकडे बघितलं. ती खिडकी कमरेएवढ्या उंचीवर होती. तिच्यातून आत बघायचं तर माणसाला वाकावं लागलं असतं.

पुढे दोन डावांत बाई हरल्या. उठल्या, पातळाचा पदर नीट केला, खुर्ची सरळ करून ठेवली आणि निघाल्या. स्टेशनाच्या वाटेवर मी काही बोलायचं म्हणून म्हणालो, "ट्रान्झिस्टर थोडक्यात गेला."

त्या खुदकन हसल्या. "खुर्ची लई कडक हाय हो. पाठ दुखली. बापाला उगाच वाटायचं गादी असंल."

त्या शिरूरच्या एस.टी.कडे वळल्या आणि मी मिरजेची गाडी पकडली. सबंध प्रवासात त्या तीन अठ्ठ्यांचा विचार करायचा मी प्रयत्न करत होतो, पण डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. आमच्या परसात दगडी कोनाड्यात एक कप पालथा असतो. पावसाळ्याआधी लाकडं फोडायला एक माणूस येतो, त्याला बाहेरच, त्या वेगळ्या कपात चहा मिळतो. माझ्या लहानपणापासून तो येतोय. त्याचं नाव काय, हे मला आठवेना.

घरी पोचल्यावर आधी आईला विचारलं.

आई बराच वेळ आठवत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं.